शून्य दाबल्यास हिचं टेबल

६ फेब्रुवारी, सोमवार

वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीकडून दरवर्षी एक डायरी येते. दरवर्षी ती आमची ही वापरायची. यंदाची कोरीच पडली होती. वाया जाऊ नये म्हणून मी घेतली.

नियम : या डायरीत फक्त दुकानाच्या नव्या फोन सिस्टिमचा अभ्यास लिहायचा. घरगुती काही नाही.

कारण : काल लेकीचा मोबाईलवर फोन. म्हणाली, बाबा, दुकानाचा फोन कोणी उचलत नाही ही तक्रार माझ्यापर्यंत पोचली, इतक्या लांब. मी म्हटलं, मी मागच्या खोलीत काटे उघडून बसलेलो असतो, हाताला ग्रीस असतं. ती म्हणाली, तीस वर्षं काटे दुरुस्त करताय, ग्रीस काय ऑक्टोबरपासूनच लागायला लागलं? मग म्हणाली, एप्रिलपर्यंत बघते. तोवर फोन उचलला जात नसेल तर दुकान बंद करा आणि इकडे राहायला या. एक खोली रिकामीच आहे.

ती खोली मी पाहिलेली आहे. तिथे जावईबापूंचं पळायचं मशीन आहे. त्याच्यावर कोणी पळत नाही, कपडे वाळत घालतात. मला तिथे जाऊन वाळायचं नाही.

ठरवलं. स्वस्तातली बिझनेस फोन सिस्टिम घ्यायची. महिनाभरात सगळं मार्गी लागेल.

९ फेब्रुवारी, गुरुवार

तीन कंपन्यांची माहितीपत्रकं आणली. वजनकाट्याच्या माणसाने अंदाजपंचे निर्णय घेऊ नये. शोकेसमधला जुना पितळी तराजू काढला. डाव्या पारड्यात फायदे, उजव्यात तोटे. प्रत्येक मुद्द्याला एक नट.

पहिली कंपनी : महाग. विषय संपला.

दुसरी : बरी. पण त्यांचा माणूस फार आपुलकीने बोलतो. घरी कोण कोण असतं म्हणाला. तोटा.

तिसरी, बजेट प्लॅन : फोन आला की यंत्रच स्वागत करतं. कामाप्रमाणे ग्राहकाने आकडा दाबायचा. कोणी नसेल तर निरोप साठवतं. कोणी कधी फोन केला याचा रिपोर्ट रोज मोबाईलवर. तोटे : लाइन एकच, हँडसेट एकच, मदत फक्त कार्यालयीन वेळेत. पत्रकावर ठळक लिहिलंय, फोन उचलायला माणसाची गरज नाही. या मुद्द्याला दोन नट घातले.

डावं पारडं सपशेल खाली. तिसरी कंपनी नक्की.

नंतर नट काढले तरी पारडं डावीकडेच झुकलेलं. तराजूत पासंग आहे. सवडीने काढायचा. निर्णयावर परिणाम नाही.

१८ फेब्रुवारी, शनिवार

सिस्टिम का हवी याचं उदाहरण म्हणून नोंद करतो, बाकी काही नाही.

स्प्रिंगा पुरवणारा परगावचा व्यापारी. याच्या ऑर्डरी ही द्यायची. नोव्हेंबरात याचा फोन मी चुकून उचलला. म्हणाला, वहिनींना द्या. मी म्हटलं, त्या बाहेर गेल्यात. कुठे? लांब. कधी येणार? बघू.

तेव्हापासून तो दर आठवड्याला फोन करतो. आज मोबाईलवर केला, नंबर कुठून मिळवला कोण जाणे. म्हणाला, साहेब, वहिनी रमलेल्या दिसतात तिकडे. मी हो म्हटलं.

थोडक्यात, गिऱ्हाइकं फोन करणार, हिलाच मागणार, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसायचं. यात दुकानाचा किती वेळ जाईल! धंद्याच्या दृष्टीने परवडणारं नाही. यंत्र आलं की हा प्रश्नच मिटला. यंत्राकडे कोणी वहिनी मागत नाही.

बेकरीवाल्याने आजही ब्रेड पाठवला. हल्ली दर शनिवारी पाठवतो. सवयीने काट्यावर ठेवला. पाकिटावर छापलंय त्यापेक्षा वजन बरंच जास्त. त्याचा काटा बिघडलाय. ऑक्टोबरात तर दुरुस्त करून दिला होता. सांगायला हवं.

२५ फेब्रुवारी, शनिवार

फोनवाला सिस्टिम बसवायला आला. गोल पोटाचा, बोलका मनुष्य. मला काका म्हणतो. माझ्याहून लहान असेलच असं नाही.

एक दाबल्यास नवीन काटे, दोन दुरुस्ती, तीन वार्षिक तपासणी. तिन्हींना फोन वाजणार नाही, थेट निरोप साठणार. अशी माझी योजना. त्याने डोकं खाजवलं. म्हणाला, काका, मग फोन घेताय कशाला?

मग म्हणाला, शून्याचं काय करू? मी म्हटलं, शून्य नको. तो म्हणाला, शून्य काढता येत नाही, बजेट प्लॅन आहे. एक-दोन-तीनमध्ये ज्याचं भागत नाही त्याला शेवटी माणूस द्यावाच लागतो. कुठे वाजवू?

मी इकडे तिकडे पाहिलं. त्याने हिच्या टेबलाकडे बोट केलं. इथे कोण बसतं? मी म्हटलं, बसतात. त्याने हँडसेट तिथे बसवला. वायर न्यायला खुर्ची सरकवायला लागला. मी म्हटलं, खुर्ची राहू दे. त्याने पोट आवळून टेबलाखालून वायर ओढली. वर आला तेव्हा लाल झाला होता. म्हणाला, खुर्चीला काय सोनं लागलंय का हो काका?

टेबलावरची सुतळीला बांधलेली पेन्सिल त्याने हलवली नाही. हिने ती बांधली होती, कारण दुकानात आलेला प्रत्येक माणूस पेन्सिल खिशात घालून जातो. त्यात मुख्यतः मी.

१ मार्च, बुधवार

स्वागताचा आवाज. कंपनीचा फुकट आवाज आहे, पण ती बाई ‘वजनकाटे’ असं म्हणते जणू पायात काटे मोडलेत. स्वतःचा रेकॉर्ड करायचं ठरवलं. मागच्या खोलीत सात-आठ वेळा केला. नमस्कार, आपलं स्वागत आहे.

लेकीला ऐकवला. तिने पुन्हा एकदा लावायला सांगितला. मग म्हणाली, बाबा, वाईट बातमी सांगताय असं वाटतंय.

मी फक्त ‘स्वागत आहे’ एवढंच म्हटलंय. पुन्हा ऐकला. मला तरी त्यात काही दिसलं नाही. ठेवला तसाच.

६ मार्च, सोमवार

सिस्टिम सुरू. उत्तम. दिवसभरात मला एकाशीही बोलावं लागलं नाही.

११ मार्च, शनिवार

पहिल्या आठवड्याचा रिपोर्ट. एक : कोणी नाही. दोन : एक, सोनार. तीन : कोणी नाही. शून्य : बाकी सगळे.

विचार केला. शून्याचं बटण सगळ्यात खाली असतं, बोट घसरत असावं. डिझाइनचा दोष. तोट्यात एक नट.

टेबलावरचा फोन वाजला की आतून स्पष्ट ऐकू येतो. चार रिंग वाजतात, मग निरोप घेतला जातो. हातातलं काम थांबतं. चार रिंग होईपर्यंत मी थांबतो, कोणी उचलतंय का म्हणून. हा वेळेचा अपव्यय आहे. दारात फोम लावायचा.

सोनाराचा निरोप मात्र खरा होता. काटा दाखवतो एक आणि असतं एक, दोन आठवडे झाले, येताय की दुसरा बघू? उद्याच जायचं.

१५ मार्च, बुधवार

सोनार राहून गेला. फोम लावत होतो.

दोनवर बेकरीवाल्याचा निरोप. शून्याला दाद लागेना म्हणून इकडे वळला असावा. तो असा : ‘काटेवाले, मी बोलतोय. काट्याचं काही नाही.’ मग बराच वेळ काहीच नाही. मग ‘बरं, ठेवतो.’

दोन नंबर दुरुस्तीसाठी आहे. काट्याचं काही नाही तर दोन दाबायचं कशाला? आणि मधला आवाज गायब. स्वस्त वस्तूचं हेच असतं. कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. तिथल्या मॅडमनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, सर, मी रेकॉर्डिंग तपासलं, लाइन व्यवस्थित आहे, मागे पंख्याचा आवाजही येतोय. ते गृहस्थ काही बोलतच नाहीयेत.

मी म्हटलं, बोलायचं नाही तर माणूस फोन कशाला करेल?

त्या म्हणाल्या, ते आमच्या कक्षेत येत नाही, सर.

तोट्यात एक नट : आवाजात खंड पडतो.

२० मार्च, सोमवार

शून्याचा निरोपांचा डबा भरला. आता निरोप साठत नाही, फोन उचलेपर्यंत वाजत राहतो. याचा पत्रकात कुठेच उल्लेख नव्हता. फोम निरुपयोगी.

मॅडमना फोन. म्हणाल्या, सर, निरोप ऐका आणि पुसून टाका. मी म्हटलं, तो डबा माझा नाही. कोणाचा आहे, सर? मी म्हटलं, ज्यांचं टेबल आहे त्यांचा. दुसऱ्याला आलेले निरोप आपण ऐकणं बरं दिसत नाही. त्या म्हणाल्या, बरोबर आहे सर, मग त्यांना ऐकायला सांगा.

सांगतो म्हटलं.

२७ मार्च, सोमवार

सोनाराने दुसरा माणूस बघितला. किराणावाल्याच्या दुकानातही दुसऱ्याच्या शिक्क्याचा काटा दिसला. मी रस्त्याच्या पलीकडून गेलो. त्याने गिऱ्हाईक सोडून हात केला, मी घाईत होतो. कुठे जायचं होतं ते आठवेना म्हणून कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो.

हिशेब मांडायला नको, धंदा बसतोय हे मला दिसतं. काट्याची सुई मी आयुष्यभर वाचलीय.

उपाय : कधी फोन उचलावाच लागला तर एक छापील वाक्य तयार हवं. मोठ्या कंपन्यांत असंच असतं. भावना मध्ये येत नाहीत.

मसुदा एक : वहिनी सध्या उपलब्ध नाहीत. ‘सध्या’ खोडलं. ते बरोबर नाही.

मसुदा दोन : वहिनी उपलब्ध नाहीत. हे एखादा सुटा भाग संपल्यासारखं वाटतं.

मसुदा तीन : वहिनी नाहीत. ऑक्टोबरमध्ये गेल्या. काम असल्यास मला सांगावे. हे चांगलं आहे. मुद्देसूद. ठळक अक्षरात लिहून खिशात ठेवलं.

मोठ्याने म्हणून पाहायचं होतं. दुकानात कोणी नव्हतं. तरी नाही म्हटलं.

१ एप्रिल, शनिवार

लेकीचा फोन. एप्रिल लागला, बाबा. बुधवारी सकाळी मी दुकानाच्या नंबरवर फोन करणार. तुमचं ते एक-दोन-तीन मी दाबणार नाही. शून्य दाबणार. उचललात तर ठीक. नाहीतर रविवारी ट्रक घेऊन येते.

ट्रक कशाला, मी म्हटलं, माझं सामान एका पिशवीत मावेल. ती म्हणाली, आईचं? त्यावर बोलणं संपलं.

बेकरीचा ब्रेड आला. आज तर आणखी जड. हा माणूस अशाने बुडेल.

५ एप्रिल, बुधवार

सकाळी उघडल्या उघडल्या टेबलावर फोन. लेकच, इतकी घाई तिचीच. हात न पुसता गेलो. उचलला. म्हटलं, उचलला, बघ.

तिकडे पुरुषाचा आवाज. बेकरीवाला. म्हणाला, अहो काटेवाले? तुम्हीच का?

खिशातला कागद काढला आणि एका दमात वाचला. वहिनी नाहीत, ऑक्टोबरमध्ये गेल्या, काम असल्यास मला सांगावे. बायकोला मी ‘वहिनी’ म्हणालो हे ‘सांगावे’पर्यंत पोचल्यावर लक्षात आलं.

मग तो म्हणाला, अहो, मला काय सांगता? तुम्हीच तर सांगितलंत.

मी म्हटलं, मी कोणालाच सांगितलेलं नाही.

तो म्हणाला, कसं नाही! चौथ्या दिवशी काटा पोचवायला आला होतात. मी म्हटलं होतं, एवढी काय गडबड, नंतर आणला असता. तुम्ही ऐकलंच नाही. काटा मांडलात, शून्यावर आणलात, तुमचं ते पाच किलोचं वजन ठेवून दाखवलंत. म्हणालात, काटा बरोबर आहे. आणि त्याच दमात म्हणालात, ही गेली. मग माझी सही घेतलीत आणि निघालात. मी पीठ लागलेले हात घेऊन तसाच उभा.

मला यातलं काही आठवत नाही. काटा शून्यावर आणलेला आठवतो.

विचारलं, आणखी कोणाला माहीत आहे? त्याला हसू आलं असावं, पण त्याने ते गिळलं. म्हणाला, त्या आठवड्यात तयार असलेले सगळे काटे तुम्ही स्वतः नेऊन दिलेत. सोनार, किराणावाला, डेअरी, सगळीकडे हेच. आधी काटा, मग वहिनी. सोनार म्हणत होता, सूर तोच, मला आधी वाटलं काट्याची हमी देतोय.

मी म्हटलं, मग सगळे शून्य कशाला दाबता? हिलाच मागायला ना?

तो म्हणाला, अहो, ते एक-दोन-तीन सगळं काट्यांचं आहे. तुम्ही कितीमध्ये आहात ते कुठे सांगितलंय? मग माझी बायको म्हणाली, शून्य दाबून बघा.

एवढं बोलून आम्ही दोघंही थांबलो. मागे त्याचा पंखा ऐकू येत होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी ब्रेडचं काढलं. म्हटलं, तुमचा काटा चुकतोय, पाकिटात जास्त भरलं जातंय, आज येऊन बघतो. तो म्हणाला, काटा बरोबर आहे हो. तुमचं पाकीट काट्यावर घालतच नाही आम्ही.

फोन ठेवला आणि लगेच मोबाईल वाजला. लेक. म्हणाली, बाबा, कधीची लावतेय, सारखा एंगेज! कोणाशी बोलत होतात एवढा वेळ? मी म्हटलं, गिऱ्हाईक. ती म्हणाली, बरं. तिचा आवाज जरा वेगळा आला. ट्रकचा विषय निघाला नाही.

एकच लाइन : हा तोटा म्हणून लिहिला होता. त्याचा नट काढला.

७ एप्रिल, शुक्रवार

शून्यातले निरोप ऐकले. जवळजवळ सगळे रिकामे. कोणी खोकतं, कोणी ‘हॅलो’ म्हणतं, एका ठिकाणी किराणावाला कोणाला तरी दटावतो, गप रे, उचलला वाटतं. मग ठेवतो. पुसले. डबा मोकळा झाला.

तराजूतला पासंग काढला. फायदे-तोटे पुन्हा घातले. सिस्टिम घ्यायला नको होती असं आलं. मॅडमना विचारलं. प्लॅन वर्षाचा आहे, पैसे परत मिळत नाहीत.

१० एप्रिल, सोमवार

टेबलावर फोन. मी आत. सवयीने थांबलो, उचलला जाईल म्हणून. तिसऱ्या रिंगला उठलो.

स्प्रिंगवाला. म्हणाला, आल्या का वहिनी?

कागद दुसऱ्या शर्टाच्या खिशात राहिला होता. म्हटलं, नाही. ही बाहेरगावी नव्हती. गेली. ऑक्टोबरात. तुम्हाला मी खोटं सांगितलं.

पलीकडे शांतता. लाइनमध्ये काही दोष नव्हता.

बऱ्याच वेळाने म्हणाला, प्रत्येक ऑर्डरला माझ्याशी भांडायच्या हो. आता माझ्याशी भांडणार कोण? मी म्हटलं, मी प्रयत्न करतो. स्प्रिंगांचा दर विचारला, त्याने सांगितला, मी म्हटलं, जास्त आहे. तो म्हणाला, असं नाही साहेब. त्या आधी ‘राहू दे, दुसरीकडून घेते’ म्हणायच्या. मी म्हटलं, राहू दे, दुसरीकडून घेतो. तो म्हणाला, मग थोडं थांबायच्या. मी थांबलो. तोही थांबला. मग म्हणाला, नाही जमत तुम्हाला.

दर कमी झाला नाही. ऑर्डर सुतळीच्या पेन्सिलीने लिहून घेतली.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की सगळं बोलणं उभ्याने झालं. पाय दुखत होते. रोज असं जमणार नाही. खुर्ची आहे, पण ती हिची. बजेट प्लॅनमध्ये खुर्ची येत नाही.

मागच्या खोलीतलं स्टूल आणून पाहिलं. खुर्चीशेजारी मावतं. वायर पोचते.